विमानातली हवा येते कुठून, आणि तिच्यात इंजिनाचं तेल मिसळतं कसं?

९ जून २०२५ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टवर महिनेन्‌महिने अवलंबून असलेलं आपलं गाव आता विमानाचे दर बघायला लागलं आहे. नेमक्या याच काळात, म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये, अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने विमानांच्या केबिनमध्ये शिरणाऱ्या विषारी वाफांवर मोठा तपास छापला. त्याचे तुकडे मोबाइलवरून फिरत फिरत सोलापुरात पोचले. वाटेत कुणी त्यात मीठमसाला घातला, कुणी निम्मं गाळलं. आता कुणी विचारतं की विमानात बसावं की नाही, तर कुणी सगळी अफवा म्हणून सोडून देतं.

अफवा म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नाही, आणि घाबरून तिकीट रद्द करण्यासारखाही नाही. वर्षातून एक-दोनदा विमानात बसणाऱ्याला धोका फार थोडा आहे. रोज त्याच केबिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न मात्र खरा आहे. गेली कित्येक वर्षं तो लोंबकळत पडला आहे, आणि त्याचं मुख्य कारण साधं आहे: विमानातली हवा कुणी मोजतच नाही. हे नीट समजायचं तर सुरुवात हवेपासूनच करायला हवी.

वर हवा नसते, मग श्वास कसा घेतो?

मोठं जेट विमान साधारण ३५,००० फुटांवरून उडतं. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाव असतो आणि तापमान शून्याखाली ५० अंशांच्याही खाली जातं. तिथली हवा तशीच आत घेतली तर माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल. म्हणून केबिन बंद ठेवून आत दाबाखालची हवा सतत भरावी लागते. नियम असा की आतला दाब फार तर ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच खाली यावा. कळसूबाई ५,४०० फुटांचं आहे, यावरून अंदाज येईल. विमानात कान दडपतात, डोकं किंचित जड होतं, ते यामुळे.

हवा दाबायला पंप लागतो, आणि विमानात एक प्रचंड ताकदीचा पंप आयताच असतो: इंजिन. जेट इंजिन समोरून हवा ओढतं, पात्यांच्या एकामागून एक रांगांमधून ती दाबत नेतं, मग तिच्यात इंधन फवारून पेटवतं. इंधन मिसळण्याच्या आधीच्या टप्प्यावर या दाबलेल्या हवेतली थोडी हवा एका नळीने बाजूला काढून घेतात. तिला 'ब्लीड एअर' म्हणतात. ती २०० अंशांहूनही गरम असू शकते. पंखांच्या मुळाशी, पोटाखाली असलेल्या वातानुकूलन यंत्रात ती थंड होते आणि छतातून केबिनमध्ये येते.

म्हणजे आपण धूर श्वासात घेतो असं मुळीच नाही. ही हवा ज्वलनाच्या आधीची असते, आणि सगळं ठीकठाक असेल तेव्हा ती स्वच्छच असते. केबिनमधली हवा काही मिनिटांत पूर्ण बदलते. अनेक जेट विमानांत जवळपास निम्मी हवा बाहेरून येते आणि निम्मी आतलीच गाळून पुन्हा सोडतात.

इथे पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात विमानात शिरलं की कधीकधी छताच्या फटीतून पांढरा धूर खाली उतरताना दिसतो. बायाबापड्या घाबरून पदर नाकाला लावतात. तो धूर नव्हेच. बाहेरची दमट हवा आतल्या थंडाव्याला भिडून झालेलं ते धुकं आहे, आणि त्याला वास नसतो. ज्याची काळजी करायची ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही.

तेल शिरतं कुठून?

इंजिनाचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगवर फिरतो त्यांना सतत तेल लागतं. बेअरिंगची खोली आणि हवा दाबणारा भाग हे अगदी शेजारी असतात, आणि दोघांच्या मध्ये असतं ते सील. हे सील बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसवता येत नाही, कारण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला ते घासून जळून जाईल. म्हणून त्यात बारीक फट ठेवतात आणि बाहेरून हवेच्या दाबानेच तेल आत रोखून धरतात.

स्वयंपाकघरातल्या कुकरची रिंग आठवा. कुकर नुकताच गॅसवर चढवला की पहिली काही मिनिटं झाकणाच्या कडेने वाफ निसटते, कधी पाण्याचे थेंबही गळतात. आत दाब चढला की तोच दाब रिंगला झाकणावर आवळून धरतो आणि गळती थांबते. रिंग फाटलेली नसते. ती दाबावर काम करते, आणि दाब नसताना तिचा इलाज चालत नाही. इंजिनाच्या सीलचंही तसंच आहे. इंजिन चालू होताना, टेक-ऑफला जोर वाढवताना, खाली उतरायला लागल्यावर एकदम जोर कमी करताना दाबाचं गणित क्षणभर बिघडतं आणि तेलाचा अंश हवेच्या बाजूला निसटू शकतो. रिंग जुनी झाली की कुकर जास्त गळतो, तसं सील झिजलं की तेलही जास्त निसटतं. सील निकामीच झालं किंवा मेंटेनन्सवाल्याने तेल प्रमाणाबाहेर भरलं तर प्रकरण आणखी वाढतं.

निसटलेलं तेल तापलेल्या हवेत सापडतं, काही जळतं, काही वाफ होतं, आणि ब्लीड एअरच्या नळीतून सरळ केबिनमध्ये येतं. याला विमानवाले 'फ्यूम इव्हेंट' म्हणतात. दुसरे रस्तेही आहेत. शेपटीत एक छोटं इंजिन असतं, त्याला एपीयू म्हणतात. विमान जमिनीवर उभं असताना वीज आणि हवा त्यातून मिळते. त्याच्या तोंडाशी हायड्रॉलिकचं तेल किंवा बर्फ वितळवायचं रसायन ओघळून गेलं तर तेही आत ओढलं जातं.

सोलापूर-गोवा मार्गावरचं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान आहे, पण केबिनची हवा त्यातही इंजिनातूनच येते. त्यात एपीयू नसतं. जमिनीवर उजव्या बाजूचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि ते इंजिन चालूच ठेवून वीज-हवा घ्यायची, अशी सोय त्यात केलेली आहे. मुंबईच्या मार्गावरच्या एम्ब्रेअर जेटमध्येही हवा इंजिनातूनच घेतात. जगातल्या जवळपास सगळ्या प्रवासी विमानांची रचना अशीच आहे, तेव्हा एखाद्या कंपनीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

तेलात एवढं विषारी काय असतं?

विमानाच्या इंजिनाचं तेल कृत्रिम असतं. धातू झिजू नये म्हणून त्यात सुमारे तीन टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालतात. सोयीसाठी त्याला टीसीपी म्हणू. हे ऑर्गॅनोफॉस्फेट या रसायनांच्या घराण्यातलं आहे. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंबवाल्यांना आणि बार्शी-पंढरपूरच्या द्राक्षवाल्यांना या घराण्याची ओळख करून द्यायला नको. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस ही त्यातलीच फवारणीची औषधं. ती मज्जासंस्थेवर घाला घालतात. २०१७मध्ये यवतमाळला फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा कीटकनाशकं श्वासातून आणि कातडीतून काय करतात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

पण घराणं एक असलं म्हणून सगळे सारखे नसतात, हेही इथेच सांगायला हवं. टीसीपीचे अनेक उपप्रकार आहेत. त्यातल्या 'ऑर्थो' प्रकाराने इतिहासात माणसांना पांगळं केल्याचे पक्के पुरावे आहेत. १९३०मध्ये अमेरिकेत दारूबंदी असताना आल्याच्या अर्कात ते मिसळलं गेलं आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले. १९५९मध्ये मोरोक्कोत खायच्या तेलात विमानाच्या इंजिनाचं तेल मिसळून विकलं, त्यात सुमारे दहा हजार लोकांना बाधा झाली. आपल्या देशात १९८८ साली कोलकात्याच्या बेहाला भागात भेसळीच्या खाद्यतेलातून टीसीपी पोटात गेलं आणि शेकडो लोकांच्या हातापायातलं बळ गेलं. या विषाची खोड अशी की बाधा लगेच कळत नाही. एक ते तीन आठवड्यांनी नसा बिघडायला लागतात.

हे सगळे लोक ते रसायन खाऊन-पिऊन आजारी पडले होते. विमानात ते हवेतून, फार कमी प्रमाणात येतं. शिवाय आताच्या तेलांत ऑर्थो प्रकार नगण्य केला आहे. त्यामुळे बेहालाची गोष्ट सांगून विमानप्रवाशांना घाबरवणं चूक. त्याचबरोबर फक्त ऑर्थो प्रकार तपासून 'सगळं ठीक' म्हणणंही अपुरं आहे, कारण जळक्या तेलाच्या वाफेत टीसीपीचे बाकीचे प्रकार असतात, डोळे-घसा झोंबवणारे पदार्थ असतात आणि कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. हा शेवटचा वायू बिनवासाचा आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं ज्याने दगावतात तोच हा.

वास आला तर काय होतं?

ज्यांनी हा प्रकार अनुभवला ते वासाचं वर्णन जवळपास सारखंच करतात: न धुतलेले मोजे, पावसात भिजलेलं कुत्रं, कधी जळकं तेल. बहुतेक वेळा तो काही मिनिटांत विरतो आणि कुणाला काही होत नाही. कधी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोकं दुखतं, मळमळतं. काही जणांना चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, साधी गोष्ट आठवत नाही.

वैमानिकाच्या बाबतीत हे होणं सगळ्यांच्याच जिवाशी येतं. १९ डिसेंबर २०१०ला व्हिएन्नाहून निघालेलं जर्मनविंग्जचं विमान कलोन-बॉन विमानतळावर उतरत असताना कॉकपिटमध्ये तीव्र वास भरला. दोन्ही वैमानिकांनी ऑक्सिजनचे मास्क चढवले, पण मळमळ आणि हातापायांतली ताकद जाणं थांबेना. विमान सुखरूप उतरलं. वासाचं मूळ तपासात निश्चित झालं नाही.

तेलाची वाट अधिकृतपणे सिद्ध झाली ती वेगळ्या दोन प्रसंगांत. २०२३मध्ये मार्चला हवानाहून आणि डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सहून निघालेल्या अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या इंजिनाला पक्षी धडकले. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून बसवलेली सुरक्षा-यंत्रणा कामाला लागली, तिच्यामुळे तेलाची व्यवस्था फुटली, तेल गरम हवेच्या वाटेत आलं, आणि एका विमानात केबिन तर दुसऱ्यात कॉकपिट धुराने भरलं. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने जून २०२५मध्ये यावर तातडीच्या शिफारशी केल्या.

आणि २३ डिसेंबर २०२४ची घटना तर अजून ताजी आहे. बुखारेस्टहून झुरिकला निघालेल्या स्विस कंपनीच्या एअरबस ए२२० विमानात इंजिन बिघडून धूर पसरला. विमान ऑस्ट्रियात ग्रात्सला उतरवलं. केबिन क्रूमधला एक तरुण काही दिवसांनी रुग्णालयात वारला. हा साधा फ्यूम इव्हेंट नव्हता, इंजिनाचाच मोठा बिघाड होता. पण धूर झाला की प्रवाशांना बाहेर काढेपर्यंत शेवटपर्यंत आत कोण थांबतं, ते या घटनेतून कळतं.

मास्कबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. छतातून खाली पडणारे पिवळे मास्क धुरासाठी नसतात. ते केबिनमधला दाब गेला तर वापरायचे, आणि त्यांत ऑक्सिजनबरोबर केबिनमधलीच हवा मिसळून येते. बाहेर वाफा असतील तर त्याही नाकात जाणार. वैमानिकांचे मास्क वेगळे. त्यांत शंभर टक्के ऑक्सिजन घेता येतो. केबिन क्रूसाठी धुरात घालायचे टोप असतात, पण ते आगीच्या वेळी थोडा वेळ पुरतील एवढेच. नुसता वास आला म्हणून कुणी ते चढवत नाही, आणि प्रवाशांचे कप भरत-भरत क्रूमधली मुलगी ती हवा घेत राहते.

'रोज लाखो लोक उडतात, मग ते आजारी का पडत नाहीत?'

प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर असं की हे फार क्वचित होतं. ब्रिटनच्या सरकारी विषशास्त्र समितीने २००७मध्ये पाहिलं तेव्हा वैमानिकांच्या सांगण्यानुसार साधारण शंभरात एका उड्डाणात वास येत होता. मेकॅनिकनी तपासून पक्की केलेली प्रकरणं दोन हजारांत एक अशी होती. या दोन आकड्यांमधल्या वीसपट फरकातच सगळं भांडण आहे. वास येऊन गेला, विमान उतरलं, नळ्या थंड झाल्या, मेकॅनिकला काही सापडलं नाही. मग घडलं की नाही घडलं?

दुसरं उत्तर मात्रेचं. आपण वर्षात चार-सहा तास त्या हवेत असतो. आपल्याकडे वैमानिकाला वर्षाला १,००० तासांपर्यंत उडता येतं आणि केबिन क्रूचंही आयुष्य याच हिशोबाने जातं. विडी वळणाऱ्या बाईच्या छातीत जाणारी तंबाखूची धूळ आणि तिच्या दारात पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या पाहुण्याच्या छातीत जाणारी धूळ एकाच मापाने मोजत नाहीत. शिवाय शरीरातली विष पचवणारी एन्झाइमं माणसागणिक कमी-जास्त असतात, त्यामुळे एकाच केबिनमध्ये एकीला त्रास होतो, दुसरीला होत नाही.

'शास्त्रज्ञांनी मोजलं, काही सापडलं नाही'

हेही खरं आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांमधली हवा तपासली; २०११च्या अहवालात ९५ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत टीसीपी सापडलंच नाही. युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही केबिनची हवा कार्यालयं-शाळांमधल्या हवेसारखी किंवा तिच्याहून बरी निघाली. म्हणजे रोजच्या उड्डाणात हवा चांगली असते, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

प्रश्न रोजच्या उड्डाणाचा नाहीच, बिघडलेल्या दिवसाचा आहे. दोन हजारांत एकदा घडणारी गोष्ट शंभर उड्डाणं मोजून सापडेल अशी अपेक्षा कशी करायची? ती पकडायची तर यंत्र कायम बसवलेलं हवं.

क्रूच्या दीर्घकालीन तक्रारींना १९९९च्या सुमारास 'एरोटॉक्सिक सिंड्रोम' असं नाव मिळालं. वैद्यकशास्त्राने अजून तो स्वतंत्र आजार म्हणून मान्य केलेला नाही. काही डॉक्टरांचं म्हणणं असं की भीतीने श्वास जोरात चालतो आणि त्यानेही चक्कर-मुंग्या येतात. अपुरी झोप, उंचीवरची विरळ हवा यांचाही हात असतो. काही जणांच्या बाबतीत तसं असेलही. पण दर वेळी आधी माणसाच्या मनाकडे बोट दाखवायचं आणि हवेचा नमुना मात्र घ्यायचा नाही, ही पद्धत मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियात एका क्रू सदस्य बाईने १९९२च्या उड्डाणातल्या वाफांमुळे फुप्फुसाला इजा झाल्याचा दावा लावला होता. २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर विमान कंपनीचं अपील नाकारलं गेलं. अठरा वर्षं लागली.

'फिल्टर असतात ना?'

असतात, आणि चांगले असतात. हेपा फिल्टर जंतू आणि बारीक कण पकडतो. कोविडच्या काळात विमान कंपन्यांनी त्याच्या भरपूर जाहिराती केल्या. पण तो बसवलेला असतो आतून फिरणाऱ्या हवेच्या वाटेवर. इंजिनातून ताजी येणारी हवा त्यातून जात नाही. शिवाय हेपा कण अडवतो, वायू आणि वाफ नाही.

मोजायला अडचण काय?

विमानांना प्रमाणपत्र देण्याच्या अमेरिकेच्या नियमांत लिहिलेलं आहे की केबिनमधल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दर २०,००० भागांत एका भागाहून जास्त झाला तर तो धोकादायक मानावा. मर्यादा ठरलेली आहे, पण उडत्या विमानात ती मोजणारं यंत्र असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणजे वास ओळखण्याचं एकमेव यंत्र म्हणजे क्रूचं नाक. आणि नाकाचा गुण असा की थोड्या वेळाने ते सरावतं.

कंपन्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. तेलाच्या वाफेत असंख्य पदार्थ असतात, त्यातला नेमका कुठला मोजायचा? खुर्चीवर सांडलेलं परफ्यूम, ओव्हनमध्ये करपलेलं अन्न यांनी यंत्र उगाच वाजलं आणि वैमानिकाने विमान दुसरीकडे उतरवलं, तर तोही धोकाच. मान्य. तरी वैमानिकाच्या समोर न वाजता फक्त नोंद ठेवणारं यंत्र बसवायला काय हरकत आहे? उड्डाणानंतर मेकॅनिकला कळेल की कुठल्या मिनिटाला, इंजिनाचा जोर किती असताना, हवा बदलली. विमानात तेलाचा दाब, तापमान, थरथर यांची सेकंदासेकंदाची नोंद असते. माणसं घेतात त्या हवेचीच नसते.

इंजिनातून हवा घेण्यावाचून गत्यंतर नाही, असंही नाही. १९५०च्या दशकात आलेल्या बोइंग ७०७मध्ये केबिनसाठी हवा दाबणारी यंत्रं वेगळी होती. पुढे वजन आणि खर्च वाचवायला थेट इंजिनातून हवा घेण्याची पद्धत रुळली. २०११पासून प्रवासी सेवेत असलेलं बोइंग ७८७ पुन्हा जुन्या वाटेला गेलं: त्यात विजेवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा वेगळ्या तोंडातून घेतात. पण उडत असलेली हजारो विमानं काही उद्या बदलता येणार नाहीत, त्यांच्यासाठी मोजमाप आणि वेळेवर दुरुस्ती हाच उपाय.

हे सोलापूरकराला लवकर का समजेल

पूर्व भागातले एक यंत्रमागवाले माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची मुलगी केबिन क्रूमध्ये आहे. वास आल्यावर तिचं डोकं दुसऱ्या दिवसापर्यंत जड राहतं आणि बोलताना शब्द आठवत नाहीत, असं तिने घरी सांगितलं. वरिष्ठांनी तिला विश्रांती घे म्हणून सांगितलं, नोंद केली नाही. वडील मला म्हणाले, "सर, आमच्या शेडमध्ये पोरगा खोकला तर मालक म्हणतो, तुझी तब्येतच नाजूक आहे की. हे तर विमानवालेपण तेच बोलायलेत."

त्यांचं बोलणं बरोबर आहे. सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती भरते, सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी दम जास्त लागतो. उसाच्या चिपाडाच्या धुळीनेही फुप्फुसं बिघडतात. कामगार हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि त्यांना दमेकरी, व्यसनी ठरवलं जात होतं. पुढे हे दोन्ही आजार कामगार नुकसानभरपाईच्या १९२३च्या, २०२५पर्यंत लागू असलेल्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत नावानिशी आले. त्याच कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत विमानातले कर्मचारीही येत होते. कायद्याने दार उघडलं, पण आत जायला पुरावा लागतो. शेडमधली धूळ निदान डोळ्यांना दिसायची.

क्रूने आणि प्रवाशाने काय करावं

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५मध्ये फ्यूम इव्हेंटचं प्रशिक्षण आणि नोंद कशी करावी यावर मार्गदर्शिका काढली. अमेरिकेत २०२४च्या विमान वाहतूक कायद्याने अशा घटनांची नोंद एकसारख्या पद्धतीने घ्यायला सांगितलं. आपल्या विमान कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींनी आपल्या प्रशिक्षणात हा भाग आहे का, हे जरूर विचारावं.

प्रवाशाला विचित्र वास आला तर क्रूला सांगावं, संकोच करू नये. डोक्यावरचं हवेचं नळकांडं बंद केल्याने वाफ थांबत नाही, कारण हवा छतातून आणि बाजूने येतच राहते. उतरल्यावर मोकळ्या हवेत जावं. श्वास लागणं, गोंधळणं, छातीत दुखणं असेल तर विमानतळावरच डॉक्टर मागावा.

त्या यंत्रमागवाल्यांच्या मुलीला मी जे सांगितलं तेच बाकीच्यांनाही सांगतो. वास कधी आला, त्या वेळी विमान चढत होतं की उतरत होतं, किती वेळ टिकला, कुणाकुणाला आला, हे त्याच दिवशी लिहून ठेव. कॅप्टनला सांगून विमानाच्या टेक्निकल लॉगमध्ये नोंद करून घे. तिथे लिहिलं गेलं तरच मेकॅनिकला तपासणं भाग पडतं. तब्येत चांगली असतानाच एकदा रक्तातलं कोलिनेस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम) तपासून कागद जपून ठेव. फवारणीच्या विषबाधेत डॉक्टर हीच तपासणी करतात, आणि नंतरच्या आकड्याची तुलना करायला आधीचा आकडा हाताशी लागतो.

आणि सगळ्यात घाईची तपासणी कार्बन मोनॉक्साइडची. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार-पाच तासांत रक्तातला तो वायू निम्म्यावर येतो. ऑक्सिजन लावला तर तास-दीड तासात. हॉटेलवर जाऊन झोपून सकाळी रक्त दिलं तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या, ड्रेस बदलायच्याही आधी, जवळच्या इस्पितळात जायचं, कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तात हा वायू किती आहे याची, तपासणी मागायची, आणि सुई टोचल्याची वेळ कागदावर घालून घ्यायची.